गुरचरणीची जागा दफनभूमीला देता येते का? एका निवृत्त सर्कलचं उत्तर

तुमचा प्रश्न असा: रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावात गुरचरणीतली २० गुंठे जागा दफनभूमीला द्यायचा ठराव ग्रामपंचायतीने केलाय. सरकारी जागा अशी बदलता येते का, आणि कोर्टातून स्टे मिळेल का?

बदलता येते. पण ती ग्रामपंचायत बदलत नाही, जिल्हाधिकारी बदलतात. स्टेचं मात्र तुम्ही ‘नको’ म्हणताय की ‘इथे नको, तिथे चालेल’ म्हणताय, यावर अवलंबून आहे. प्रश्नात तुम्ही फक्त ‘नको’ लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी महसुलात नोकरी केली, शेवटची काही वर्षं मंडळ अधिकारी होतो. गावाकडच्या भाषेत सर्कल. अशा जागांचे पंचनामे करून पायाच्या वहाणा झिजवल्यात. वकील नाही, त्यामुळे दावा लावायचा झाला तर वकिलाला विचाराच.

आधी कागद. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम २२. कोणाच्या कब्जात नसलेली सरकारी जमीन गुरांच्या चराईला, गावठाणाला, खळ्याला, बाजाराला, रस्त्याला, तसंच दहन-दफनाला राखून ठेवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना याच कलमाने दिलाय. म्हणजे गुरचरण आणि दफनभूमी एकाच कलमातून येतात, कायद्याच्या नजरेत दोन्ही सार्वजनिक कामंच. त्याच कलमात पुढे असंही आहे की एका कामासाठी राखलेली जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायची नाही. तेव्हा ग्रामपंचायतीचा ठराव ही मागणी झाली, आदेश नव्हे. ठराव झाला म्हणून कोणी कुदळ मारली तर ते बेकायदेशीर. आणि ठराव झाला म्हणून तुम्ही लगेच कोर्टात धावलात, तर न्यायाधीश विचारतील, अजून आदेश कुठाय?

गुरचरणीला मात्र २२-अ हे जादा कुंपण आहे. त्यानुसार गायरान दुसरीकडे वळवायचं नाही. सार्वजनिक कामासाठी वळवायचंच झालं तर दुसरी योग्य सरकारी जागा उपलब्ध नसली पाहिजे. १२ जुलै २०११ चा शासन निर्णयही गायरानं जपण्यासाठीच निघाला. त्याच्या मागे जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०११ चा निकाल आहे. गावातल्या तळ्याच्या जागेवर घरं बांधणाऱ्यांना त्या निकालाने हुसकलं. हल्ली जो तो हा निकाल खिशात घेऊन फिरतो, पण पूर्ण वाचत नाही. तो गावाची जमीन बळकावणाऱ्यांविरुद्ध आहे. अपवादात्मक म्हणून कायम करता येतील अशा गोष्टींत शाळा, दवाखाना, सार्वजनिक सोय यांचा उल्लेख त्यातच आहे. दफनभूमीविरुद्ध तो एकटा फेकलात तर उलटून तुमच्याच अंगावर येईल.

खरी मेख त्या ‘दुसरी जागा उपलब्ध नाही’ या वाक्यात आहे. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, गावात अजून तलाठीच) अहवाल लिहितो, सर्कल सही करतो, तहसीलदार वर पाठवतात. तो अहवाल टेबलावर बसून लिहिलाय की जागेवर जाऊन, हे पाहा. माहितीच्या अधिकारात त्याची प्रत मागा. माझ्याच सहीचे असे दोन-तीन अहवाल आहेत, जे आज वाचले तर मला लाज वाटेल.

त्यातला एक सांगतो. राजापूर तालुक्यातलं खाडीकाठचं गाव, नाव नको. जुनी दफनभूमी खाडीच्या अगदी कडेला. पूर्वी पुढे खारबंदिस्ती, म्हणजे खारं पाणी अडवणारा बांध होता, तो फुटला, आणि उधाणाची भरती आत यायला लागली. एका आषाढात दोन कबरींची माती वाहून गेली. पुढचं लिहीत नाही. तिथल्या मुस्लिम वाडीने जागा मागितली ती हौसेने नव्हे. आम्ही कचेरीत नकाशा पसरला, वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर, सरकारी गट दिसला, मोकळा, वस्तीपासून लांब, कोणाची हरकत नाही. झकास, लिहून टाकलं.

जागेवर गेलो तेव्हा त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या चाचांनी पहार उचलून कातळावर मारली. ठण्ण. म्हणाले, “साहेब, हितं पहार वाजते, रुतत नाय. माणूस कुठं पुरायचा?” सड्यावर वीतभर माती आणि खाली जांभा. छातीएवढा खड्डा हवा तर चिरेखाणीसारखं यंत्र आणावं लागेल, आणि मयत काय यंत्राची वाट बघत थांबतं? शिवाय वर जायला पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, तीही दोघा-तिघांच्या कलमांच्या बागेतून. मिरगाच्या पावसात शेवाळलेल्या चिऱ्यांवरून तिरडी न्यायची की जनाजा, पाय सगळ्यांचा सारखाच घसरतो.

मग दुसरा गट निघाला, उतारावरचा, तांबडी माती चांगली खोल. तिथे हिंदू वाडीने हरकत घेतली, आणि ती हरकत खरी होती. उताराच्या पायथ्याला त्यांचा झरा. कोकणात जांभ्यातून पाणी मुरतं, खाली शेडीच्या, म्हणजे चिकट मातीच्या थराला अडतं आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर येतं. वर जे मुरवाल ते खाली प्याल. ही हरकत एका कागदावर सरळ लिहिली असती तर तो प्रस्ताव सहा महिन्यांत सुटला असता. पण अर्जात लिहिलं काय, तर ‘गावची शांतता बिघडेल, परंपरेला बाधा येईल, भविष्यात अतिक्रमण होईल’. झऱ्याची ओळ नवव्या मुद्द्यात. प्रांतांनी (उपविभागीय अधिकाऱ्यांनी) पहिले आठ वाचले आणि अर्ज बाजूला ठेवला.

म्हणून तुम्हाला सांगतो, हरकत जागेवर घ्या, माणसांवर नको. पाणी असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात अर्ज करून भूवैज्ञानिकाकडून जागेची पाहणी मागा. अंतर मोजा. विहिरीचा, झऱ्याचा गट नंबर लिहा. आणि त्याच अर्जात दुसरी जागा सुचवा. ‘मग कुठे?’ हा प्रश्न तहसीलदार विचारतात, प्रांत विचारतात आणि उच्च न्यायालयसुद्धा विचारतं. त्याला उत्तर नसलेल्या माणसाला मी जिंकताना पाहिलेलं नाही.

यामागे कायदाही आहे. दहन-दफनभूमीची सोय करणं हे ग्रामपंचायतीच्या कामांच्या यादीत आहे, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमातलं कलम ४५ आणि त्याची अनुसूची पाहा. २०२० मध्ये करोनाच्या काळात वांद्र्याच्या कब्रस्तानात दफन करू नये म्हणून रहिवासी मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. २२ मे २०२० ला याचिका फेटाळल्या गेल्या. सन्मानाने अंत्यसंस्कार होणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या हक्काचा भाग मानला गेला. तेव्हा ‘एका समाजासाठी सरकारी जागा कशाला’ हा मुद्दा तिथे टिकत नाही. आणि एक आठवण करून देतो. आपल्याकडे दात न आलेलं पोर गेलं तर आपणही पुरतोच. लिंगायत, गोसावी यांच्यात समाधी देतात. अलिबागजवळ नवगावला बेने इस्रायलींचं जुनं दफनस्थान आहे. मातीत जाणं ही कोकणात कोणा एकाची गोष्ट नाही.

पण दुसरी बाजूही आहे. दफनाचा हक्क म्हणजे हव्या त्या जागेवर दफनाचा हक्क नव्हे. छत्तीसगडमधल्या बस्तरचं प्रकरण जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. ख्रिस्ती मुलाला वडिलांना आपल्या गावात पुरायचं होतं, गावाने अडवलं. मृतदेह ७ जानेवारीपासून शवागारात पडून. २७ तारखेला दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी पडली आणि शेवटी दुसऱ्या गावातल्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरा असा आदेश निघाला. वीस दिवस! कोणत्याही बाजूने गावकी ताणताना हा आकडा डोळ्यापुढे ठेवावा.

आता जुन्या कबरींचं. तुमच्या २० गुंठ्यांत आधीच्या कबरी आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. पिढ्यान्‌पिढ्या दफन होत आलेलं सिद्ध झालं तर ती जागा सार्वजनिक कब्रस्तान ठरू शकते आणि मग नुसतं वापर थांबला म्हणून तिचं स्वरूप जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच म्हटलंय. उलट मे २०२३ च्या सालेमच्या निकालात १८६७ सालीच बंद झालेल्या दफनभूमीवरचा दावा फेटाळला, कारण पुरावा नव्हता. दोन्हीकडे फैसला पुराव्यावर. त्यासाठी आजचा सात-बारा पुरत नाही. जुना गाव नकाशा, गटबुक, आकारफोड, फेरफार काढा. जागा खासगी असेल तर ‘पोटखराबा वर्ग ब’ बघा. रस्ता, पाणवठा, दहन-दफनाची जागा त्यात धरलेली असते आणि लोक ती ओळ न वाचता उतारा घडी घालून ठेवतात. कबर आढळली तर तिला हात लावू नका. दफनस्थानात घुसून विटंबना हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे.

‘उद्या वक्फ लागेल’ ही भीती तुमच्या प्रश्नात नाही, पण पारावर असणार. कलम २२ खाली राखलेल्या जागेचा मालक सरकारच राहतं, बदलतो तो उपयोग. शिवाय २०२५ च्या दुरुस्तीने निव्वळ वापराने वक्फ होण्याची वाट पुढच्यासाठी बंद केली. त्या कायद्याला आव्हान दिलंय, सप्टेंबर २०२५ मध्ये काही तरतुदींना अंतरिम स्थगितीही मिळाली, मात्र ही तरतूद स्थगित झालेली नाही.

कोकणात आणखी दोन खोडे असतात. जागा किनाऱ्यालगत असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांचे नियम. स्थानिकांसाठी स्मशान-दफनभूमीला तिथे सरसकट बंदी नाही, पण किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडून प्रकरणागणिक परवानगी घ्यावी लागते. आणि जागेवर वन किंवा खासगी वनाचा शेरा असेल, तर जिल्हाधिकारी एकटे काही करू शकत नाहीत, १९८० च्या वन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते. वनहक्क कायद्यात एक हेक्टरपर्यंत वनजमीन देता येणाऱ्या १३ सोयी आहेत, शाळा, अंगणवाडी, रस्ता वगैरे. दफनभूमी त्यात नाही. ‘ग्रामसभेचा ठराव घ्या, होऊन जाईल’ असं सांगणाऱ्याला ही यादी दाखवा.

वाटेचंही बघा. तहसीलदारांकडे जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ चा अर्ज करून दफनभूमीला रस्ता मिळत नाही, ते कलम शेतकऱ्याला शेतात जायला आहे. वाट आधी लेखी ठरली नाही तर जागा मिळूनही भांडण दारात राहतं.

स्टेबद्दल. आदेश निघण्याआधी लेखी हरकत देऊन पोच घ्या, सुनावणी मागा. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाल्यावर त्याच महसूल अधिनियमाच्या कलम २४७ खाली कोकण विभागीय आयुक्तांकडे अपील, मुदत ९० दिवस. सोबत स्थगितीचा अर्ज. दिवाणी दाव्याला सरकारला दोन महिन्यांची नोटीस लागते, निकड असेल तर कोर्टाच्या परवानगीने ती टाळता येते. रिटसाठी आता मुंबईला जायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहेत. जे करायचं ते पहिलं दफन होण्याआधी. एकदा मयत मातीत गेलं की पुढची तारीख जमिनीची राहत नाही, त्या घराच्या दुःखाची होते, आणि कोणताही न्यायाधीश तिथे हात आखडता घेतो.

राजापूरच्या त्या गावाचं काय झालं? सहा वर्षं गेली. झऱ्यापासून पलीकडच्या अंगाला, त्याच सरकारी गटाचा वरचा कोपरा मिळाला. २० गुंठे मागितले होते, ८ मिळाले. गडगा (दगडी कुंपण) घालायला दोन्ही वाड्यांची माणसं आली, पण एकमेकांशी बोलली असं काही नाही. चाचांना मात्र जुन्या, खाडीकाठच्याच जागेत पुरलं. त्यांना नवीन जागा मिळेपर्यंत थांबता आलं नाही.

तुमच्या गटाचा नकाशा आणि जवळच्या पाण्याचं अंतर प्रश्नात जोडा, सात-बाऱ्यावर वनाचा शेरा आहे का तेही लिहा. मग हरकतीचा मसुदा कसा करायचा ते सांगतो.