मानेच्या वरच्या मणक्यांचं छोट्या चिरेचं ऑपरेशन करावं का?

प्रश्न: बाबांचे (७१) सी-वन सी-टू (मानेचे सगळ्यात वरचे दोन) मणके सरकलेत, डॉक्टर मिनिमली इन्व्हेजिव फिक्सेशन, म्हणजे छोट्या चिरेतून स्क्रूने मणके जोडणं, करू म्हणतायत. ते ओपनपेक्षा (मोठी चीर देऊन करतात त्यापेक्षा) चांगलं असतं का? आणि मान पूर्वीसारखी कधी फिरेल?

उत्तर: दुसऱ्याचं आधी सांगतो, पूर्वीसारखी नाही फिरणार. मान डावी-उजवीकडे वळते त्यातलं जवळपास निम्मं वळण या एकाच सांध्यात असतं, जात्याची वरची तळी मधल्या खिळीभोवती फिरते तसं, आणि ऑपरेशन म्हणजे तोच सांधा स्क्रू मारून कायमचा बंद करायचा. चीर दोन बोटांची असो की वीतभर, यात काडीचा फरक पडत नाही. हे कुणी तोंडावर सांगत नाही म्हणून लिहितोय, एरवी मी इथे नुसता वाचतो.

आमच्या आईला खूप वर्षांचा आमवात, रुमॅटॉइडवाला. बोटं आधीच वाकडी, त्यामुळे पोळी लाटता येईना, ब्लाउजची हुकं लागेनात, तर सगळ्यांनी बोटांवरच खापर फोडलं. मग मान खाली घालून भाजी निवडायला बसली की पाठीतून करंट जायला लागला आणि चालताना तोल जायला लागला. आमच्या दाजींनी (ताईचे मिस्टर, यांना सगळ्यातलं सगळं कळतं) डोंबिवलीचा एक मालिशवाला आणला, मान मोकळी करून देतो म्हणे. त्याला मी दारातूनच परत पाठवला, तिथून आमचं बिनसलं ते बिनसलंच. नंतर मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढले तर पुढे वाकवल्यावर सी-वन आणि सी-टूचा दात (सी-टूचं वर आलेलं खुंटीसारखं हाड) यांच्यातली फट ८ मिमी, मोठ्या माणसात ती ३ च्या आत हवी. आमवाताची सूज हा दात जागेवर धरून ठेवणारं लिगामेंटच (हाडं बांधून ठेवणारा पट्टा) खाते, मग दर वेळी मान वाकली की तो मज्जारज्जूवर दाबतो. अशा मानेला मालिश!

मग दाजींचं दुसरं टुमणं सुरू, कीहोल (छोट्या चिरेचं) करा. त्यांच्या ऑफिसातल्या कुणाचं कंबरेच्या गादीचं नळीतून ऑपरेशन झालेलं आणि तो लगेच कामावर आला. अहो पण कंबर कुठे आणि ही जागा कुठे! इथे मेंदूला रक्त नेणारी व्हर्टिब्रल आर्टरी सी-टूच्या हाडातून वर चढते, सी-वनवरून वळसा घेऊन आत जाते, आणि काहींच्यात ती सी-टूमध्ये इतकी वर सरकलेली असते की स्क्रूला धड जागाच नसते. दाजींच्या आग्रहाखातर एका चकाचक हॉस्पिटलात गेलो, तिथे रोबोटचा व्हिडिओ दाखवला, पॅकेज सांगितलं, आणि मी सीटी अँजिओचं (आर्टरी कुठून जाते ते दाखवणारा स्कॅन) विचारलं तर नंतर बघू म्हणाले. मी आईला उठवलं आणि निघालो.

आणि गंमत बघा, सी-वनमध्ये वेगळे आणि सी-टूमध्ये वेगळे स्क्रू घालून प्लेटने जोडायची पद्धत आपल्या परळच्या केईएममधून डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ साली मांडली. २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी प्लेटऐवजी रॉडवालं रूप मांडलं, आज जग त्याला गोयल-हार्म्स म्हणतं. हे दाजींना सांगितलं तर म्हणतात, म्युन्सिपाल्टीच्या हॉस्पिटलात?? काय बोलणार.

आईचं ओपनच झालं. मान जराही वाकवायची नाही म्हणून भूलवाल्या मॅडमनी ती जागी असतानाच दुर्बिणीने श्वासाची नळी घातली, मग पालथी झोपवून डोकं पिनांच्या क्लॅम्पमध्ये धरलं, सांध्यातली कूर्चा खरवडून कमरेचं हाड भरलं, तेव्हा स्क्रू. डोक्याची मागची बाजू अजून बधिर आहे, वेणी घालताना कंगवा लागलेला कळत नाही, कारण सी-टूची नस वाटेत येते. ते आधी सांगितलेलं होतं. हुकं मात्र आता स्वतः लावते. तरी दाजी दर गणपतीत आईच्या मानेवरचा व्रण बघून सुस्कारा टाकतात, कीहोल केलं असतं तर एवढं दिसलं नसतं हो. पदराखाली जातो तो व्रण!

आता छोट्या चिरेच्या बाजूने जे खरं आहे तेही सांगतो. सी-टूला चिकटलेले स्नायू कमी सोलले जातात, त्यामुळे रक्त कमी जातं आणि नंतरची मानदुखी कमी राहते, वयस्कर माणसाला त्याचा उपयोग आहेच. पण आतलं कमी दिसतं म्हणून सगळी भिस्त एक्स-रे नाहीतर नेव्हिगेशनवर (कॉम्प्युटरवर स्क्रूची वाट दाखवणारी यंत्रणा), आणि हाडाला हाड जुळायला महिने लागायचे ते लागतातच. चार दिवसांत घरी आले म्हणजे बरे झाले असं नाही. हां, बाबा पडून सी-टूचा दात मोडला असेल, मोड ताजी असेल आणि लिगामेंट शाबूत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा पुढून गळ्याकडून एक-दोन स्क्रू मारून भागू शकतं आणि वळणही बरंचसं वाचतं. तुम्ही कारण लिहिलेलंच नाही. मी डॉक्टर नाही, रेल्वेत आहे, आणि हाड ठिसूळ असेल तर हिशोब पुन्हा बदलतो.

डॉक्टरांना विचारायचं ते हे: सीटी अँजिओत आर्टरी कुठून जाते, तुम्ही या सांध्याची ओपन ऑपरेशनं किती केलीत, आणि छोट्या चिरेतून जमलं नाही तर तिथल्या तिथे उघडून कराल ना? शेवटच्याला आढेवेढे घेतले तर दुसरं मत घ्या. तोवर बाबांना रिक्षात बसवणारच असाल तर डॉक्टरांनी दिलेली कडक कॉलर लावूनच, आणि कुठल्याही दाजींचा मालिशवाला घरात घेऊ नका.