भांडारकर रोडला कॅफे टाकू का? ३८ लाखांचा प्रश्न

नमस्कार. तुमचा मेल दोनदा वाचला आणि सोबतची एक्सेल शीट तीनदा, कारण पहिल्यांदा वाटलं माझंच काहीतरी चुकतंय.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. वय ४२, राहायला कोथरूड, हिंजवडीत १८ वर्षं नोकरी आणि तीन महिन्यांपूर्वी कंपनीने नारळ दिला. हिशोबाचे १४ लाख हातात आलेत, एफडी १६ लाखांची, म्युच्युअल फंडात २३ लाख, पीएफ वेगळा. फ्लॅटचे ९ लाख फिटायचेत, हप्ता २४,०००. मिसेस शाळेत शिकवतात, पगार ४६,०००, मुलगी अकरावीत. पुण्यात डेक्कनजवळ भांडारकर रोडच्या आतल्या गल्लीत रिडेव्हलप झालेल्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर ४८० स्क्वेअर फुटांचा गाळा बघितलाय. भाडं ९५,००० प्लस जीएसटी, डिपॉझिट ६ लाख, अ‍ॅग्रीमेंट पाच वर्षांचं, त्यात तुम्हाला तीन वर्षं लॉक-इन (म्हणजे त्याआधी जागा सोडता येत नाही), दरवर्षी ८ टक्के वाढ. एकूण खर्च ३८ लाख: हातातले १४, एफडी मोडून ६ आणि फ्लॅटवर टॉप-अप लोन (चालू गृहकर्जावर वाढीव कर्ज) १८. टोकन म्हणून ५१,००० देऊन झालेत. आणि शेवटी विचारलंय, "करू का, की मी उगाच घाबरतोय?"

या जागेत, या अटींवर नको. कॅफेच काढू नका असं म्हणत नाहीये, ते वेगळं, त्यावर खाली येतो.

तुम्ही लिहिलंय की डेक्कनला एवढी गर्दी असते की कुठलंही दुकान चालेल. गर्दी असते हे खरंच, शनिवारी संध्याकाळी एफसी म्हणजे फर्ग्युसन रोडला चालायला जागा नसते, पण त्या गर्दीची किंमत जागामालकाने तुमच्याकडून आधीच भाड्यात लावून घेतलीये हो. गल्लीतून माणूस येवो न येवो, पाच तारखेला ९५,००० जाणार. आणि वैशाली, गुडलकसारख्या जुन्या हॉटेलांकडे बघून हिशोब करू नका, गुडलक १९३५ पासून तिथे आहे, लोक त्या चौकालाच गुडलक चौक म्हणतात, अशा ठिकाणी गिऱ्हाईक पत्ता विचारत नाही. तुमच्या गल्लीत मात्र विचारणार, आणि गाडी कुठे लावू हेही विचारणार.

ब्रोकरने मेट्रोचं सांगितलंय ना? मेट्रो आली हे बरोबर, वनाज ते गरवारे मार्च २०२२ ला सुरू झाली, डेक्कन जिमखाना स्टेशन ऑगस्ट २०२३ ला. पण ते स्टेशन नदीच्या बाजूला. तिथे उतरलेला माणूस आधी जंगली महाराज रोड ओलांडणार, मग फर्ग्युसन रोड, मग भांडारकर रोडला लागणार आणि मग तुमच्या गल्लीत वळणार, तोपर्यंत त्याने वाटेत दोनदा खाऊन झालेलं असेल.

त्या भागात माझं येणंजाणं असतं. तुमच्या गाळ्याच्या जवळच एक गाळा आहे, त्यावर मी गेल्या काही वर्षांत तीन पाट्या बघितल्या, आधी फ्रोझन योगर्ट, मग वॉफल, मग बबल टी. गेल्या महिन्यात गेलो तर काचेला आतून पेपर चिकटवलेले आणि सेलोटेपने लावलेला "भाड्याने देणे आहे"चा कागद. वर भिंतीत तीन ओळी भोकांच्या, कारण जुन्या पाटीची भोकं नव्या पाटीला बसत नाहीत, प्रत्येकाने आपापली पाडली. तुम्ही गाळा बघायला गेलात तेव्हा ती भिंत बघितली का?

आता आकडे. तुमच्या शीटमध्ये पहिल्या महिन्यापासून रोज १२० लोक आणि माणशी २५० रुपये, म्हणजे महिन्याला ९ लाखांचा गल्ला. हे १२० आले कुठून? मेलमध्येच उत्तर आहे, तुम्ही एका शनिवारी संध्याकाळी शेजारच्या कॅफेसमोर उभं राहून माणसं मोजलीत. मंगळवारी दुपारी साडेतीनला मोजा. जुलैत धो धो पाऊस पडत असताना मोजा. आणि आत बसलेल्यातले किती जण एका कॉफीवर लॅपटॉप उघडून दोन तास बसलेत तेही मोजा, कारण खुर्ची त्यांनी अडवली की तुमच्याकडे दुसरी नाही.

मी माझ्या पद्धतीने मांडलं ते असं. भाडं जीएसटी धरून १,१२,१००. लाइट बिल कमर्शिअल रेटने, एसी, फ्रीज, कॉफी मशीन मिळून २८,०००. पाच माणसं, त्यांचं जेवण आणि राहायची सोय धरून १,१०,००० (पुण्यात चांगला कुक टिकवायचा तर खोली बघून द्यावी लागते, हे तुमच्या शीटमध्ये नाहीच). गॅस, पाणी, बिलिंगचं सॉफ्टवेअर, सीए, पेस्ट कंट्रोल, किरकोळ दुरुस्त्या २५,०००. टॉप-अप लोनचा हप्ता, १८ लाख १० टक्क्यांनी दहा वर्षं धरले तर साधारण २३,८००. झाले ३ लाख, आणि अजून एक कप विकलेला नाही.

१०० रुपयांच्या बिलात ३३ रुपये माल धरा, ७ रुपये पॅकिंग, वाया गेलेलं दूध-ब्रेड आणि डिलिव्हरी अ‍ॅपचं कमिशन सगळं सरासरी काढून, उरले ६०. झोमॅटो-स्विगीच्या ऑर्डरवर कमिशनच २०-२५ टक्क्यांच्या घरात जातं आणि वर त्यावर जीएसटी, म्हणून ७ हा आकडा मी हात आखडून धरलाय. आता ३ लाख भागवायला महिन्याला ५ लाखांचा गल्ला लागतो. माणशी २२० धरा, २५० नको, विद्यार्थ्यांचा एरिया आहे. रोजचे ७६ लोक झाले. हे फक्त बरोबरीत सुटायला, तुमच्या घरात एक रुपया न येता. घरखर्च ७०,००० आणि घराचा हप्ता मिळून ९४,०००, त्यातून मिसेसचा पगार वजा केला की ४८,००० दर महिन्याला कमी पडतात. ते कॅफेतून काढायचे तर रोज ८८ लोक हवेत, तीसच्या तीस दिवस, गणपतीत रस्ते बंद असले तरी.

आणि ४८० फूट बिल्टअप (भिंती धरून) आहे की कार्पेट (आतली वापरायची जागा), विचारलंत का? कार्पेट असलं तरी किचन, काउंटर, वॉशरूम काढून आत १८-२० खुर्च्या बसतात. मालक म्हणतो समोर चार टेबलं टाका, तर ती जागा फ्रंट मार्जिनची, म्हणजे बिल्डिंगसमोर मोकळी सोडायची आहे, तिथे टेबलं टाकली की महापालिकेची गाडी येते आणि टेबलं, छत्र्या उचलून नेते. तोंडी आश्वासन अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून द्यायला सांगा, बघा कसा विषय बदलतो.

समजा १२० च्या निम्मे आले, ६०. नवीन कॅफेला पहिल्या सहा महिन्यांत मी एवढेच धरीन. गल्ला ४ लाखांच्या आत, धंद्यात ६२,००० चा खड्डा, घरचे ४८,००० मिळवले की महिन्याला १ लाख १० हजार कमी. तुमच्या शीटमध्ये हातशिल्लक ३ लाख. तीन महिनेसुद्धा पुरत नाही.

पण ती ३ लाखांची हातशिल्लक तरी कुठे आहे? इंटिरिअर १५ लाख आणि मशीन-किचन ९ लाख हे कोटेशन जीएसटी सोडून आहे, खाली बारीक अक्षरात लिहिलंय. तुम्हाला वाटतंय की भरलेला जीएसटी परत मिळतो, आयटीत असताना ऐकलं असेल, पण रेस्टॉरंट गिऱ्हाइकाकडून ५ टक्के घेतं त्यात इनपुट क्रेडिट मिळत नाही. यातल्या बहुतेक गोष्टींना १८ टक्के लागतो, सगळ्यालाच धरला तर २४ लाखांवर सव्वाचार लाखांच्या पुढे, म्हणजे हातशिल्लक शटर उघडायच्या आधीच संपली आणि वर उधारी. भाड्यावरचे महिन्याचे १७,१०० पण असेच गेले, मालक जीएसटीत रजिस्टर्ड नसला तरी ऑक्टोबर २०२४ पासून ते रिव्हर्स चार्जने तुम्हालाच भरायचेत.

लॉक-इन हा मला सगळ्यात जास्त खटकलेला मुद्दा आणि तुम्ही त्यावर एकच ओळ लिहिलीये. ९५,००० वर दरवर्षी ८ टक्के, तीन वर्षांचं भाडं होतं ३७ लाख, जीएसटी सोडून. दहाव्या महिन्यात बंद करावं लागलं तरी उरलेल्या २६ महिन्यांचं भाडं मालक मागू शकतो, डिपॉझिट तर तो आधी वळतं करून घेणार. ३८ लाख घालताय असं तुम्ही म्हणताय, सही मात्र ७५ लाखांवर करताय, आणि फ्लॅट गहाण. इंटिरिअर म्हणजे भिंतीला चिकटलेला पैसा, निघताना सोबत येत नाही. माझे स्वतःचे साडेतीन लाख एका मित्राच्या सँडविचच्या दुकानात असेच गेलेत, दुकान बरं चाललं होतं हो, अकराव्या महिन्यानंतर मालकाने रिन्यू केलं नाही आणि आमचं काउंटर त्या जागेत इंच-इंच मोजून बनवलेलं, दुसरीकडे बसेना. शेवटी भंगारवाल्याला दिलं.

घरातलं बघू. कंपनीची मेडिक्लेम नोकरीबरोबर गेली, तुमच्या मेलमध्ये नव्या पॉलिसीचा उल्लेखच नाही. या आठवड्यात तिघांची फॅमिली फ्लोटर (सगळ्यांची मिळून एक मेडिक्लेम) आणि तुमची टर्म (आयुर्विमा) घ्या, सप्टेंबर २०२५ पासून यांच्यावर जीएसटी लागत नाही. फंडातल्या २३ लाखांना तुम्ही "बॅकअप" म्हटलंय, ते मुलीच्या अ‍ॅडमिशनचे पैसे आहेत आणि ती अकरावीत आहे म्हणजे पुढच्या-पुढच्या वर्षी लागणार. तिच्या पहिल्या दोन वर्षांची फी आत्तापासून इक्विटीतून काढून एफडीत ठेवा, या आर्थिक वर्षात थोडे आणि एप्रिलनंतर थोडे, कारण वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या लाँग टर्म नफ्यावर टॅक्स नाही, त्याच्या पुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के. पीएफला हात लावू नका.

एवढं सगळं वजा केल्यावर धंद्यात घालायला तुमच्याकडे १५ लाख आहेत असं मी धरतो. ३८ नाहीत. टॉप-अप लोन नाहीच.

१५ लाखांत कॅफे होतो का? त्या गल्लीत कोरा गाळा घेऊन नाही होत. पण तो पेपर चिकटवलेला गाळा आठवतोय ना? बंद पडलेल्या कॅफेचं फर्निचर, एक्झॉस्टची डक्ट, थ्री-फेज कनेक्शन सगळं जागेवर असतं आणि आधीचा माणूस मशीन निम्म्या किमतीत द्यायला तयार असतो. अशी जागा शोधा, कर्वेनगर, पौड रोड, तुमच्या स्वतःच्या एरियात, जिथे भाडं चाळीस हजारांच्या आसपास बसेल. फक्त तो का बंद पडला हे त्याला नका विचारू, समोरच्या पानवाल्याला विचारा. मालकाकडून दोन महिने बिनभाड्याचे मागा काम करायला, लॉक-इन तुम्हाला जास्तीत जास्त एक वर्ष आणि त्याला पूर्ण पाच, वाढ ५ टक्के. लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर झालंच पाहिजे. भोगवटा पत्रात तो गाळा कमर्शिअल आहे का बघा, सोसायटीची एनओसी घ्या, आणि धूर कुठून बाहेर काढणार ते वरच्या मजल्यावरच्या लोकांशी आधी बोला, पहिल्या मजल्यावरच्या काकूंना फोडणीचा वास गेला की तुमचं निम्मं आयुष्य अर्ज-तक्रारीत जातं.

त्याआधी दोन महिने कुणाच्या तरी कॅफेत काम करा, फुकट करा, पण सकाळी दूध घेण्यापासून रात्री ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणारी टाकी) साफ करण्यापर्यंत. १८ वर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाला दहा तास उभं राहणं जमतं का हेही कळेल. आणि नोकरीचे कॉल येत असतील तर घ्या, कॉन्ट्रॅक्टचं काम मिळालं तर सहा महिने तेच करा, त्यात कमीपणा नाही.

टोकनचं. पावती आहे का, आणि त्यावर परतीबद्दल काय लिहिलंय, त्याचा फोटो पाठवा. परत मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तर ५१,००० सोडा, त्या गाळ्याच्या पंधरा दिवसांच्या भाड्याच्या आसपास आहेत ते. ब्रोकर म्हणेल दुसरी पार्टी चेक घेऊन बसलीये. तर मग त्या पार्टीला देऊ दे. तुम्ही येत्या मंगळवारी साडेतीन ते साडेपाच त्या गल्लीत बसा आणि आकडा मला कळवा.