दोन दिवसांची रजा आणि पेन्सिलीचे प्रश्नचिन्ह

«ताई, मी कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात 14 वर्षे हिशेबाचे काम करते. आमच्या स्टोअरमधील एका सहकारी बाईंना स्तनाचा कर्करोग झाला असून मिरजेला दर 21 दिवसांनी त्यांची केमो चालू आहे. त्यांचा पगार 19 हजार, त्यातून ईएसआय (कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता) कापला जातो. नोकरीला 9 वर्षे झाली. त्यांची रजा जुलैतच संपली, तेव्हा प्रत्येकाने आपल्या शिल्लक पीएलमधून (पगारी रजेतून) त्यांना दिवस द्यावेत असे साहेबांनी सुचवले आणि कोणी किती दिले याची यादी फलकावर लावली. कोणी 5 दिले, कोणी 10. माझे 26 दिवस शिल्लक आहेत, पण मुलगी पहिल्या बाळंतपणाला नोव्हेंबरमध्ये माहेरी येणार आहे, म्हणून मी 2 दिले. त्या 2 पुढे कोणीतरी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आहे. मी आकडा वाढवू का? आणि त्यांना भेटायला कोणत्या तोंडाने जाऊ? — एक वाचक, सांगली»

ताई, आकडा वाढवू नका. निदान त्या पेन्सिलीच्या खुणेसाठी तरी मुळीच वाढवू नका.

कारखान्यातील पगारी रजा कायद्याने 20 दिवसांच्या कामामागे 1 दिवस अशी साठते, हे हिशेबाला बसणाऱ्या बाईला मी सांगायला नको. तुमच्या दोन दिवसांमागे 40 दिवसांची हजेरी आहे आणि ती तुम्ही स्वखुशीने दिली आहे. उरलेले दिवस तुम्ही मौजमजेसाठी राखलेले नाहीत. पहिलटकरीण लेक माहेरी येते तेव्हा रात्री-अपरात्री उठायला, दवाखान्यात थांबायला आणि बाळाला न्हाऊमाखू घालायला आई घरी असावी लागते, यासाठी कोणाची माफी मागण्याचे कारण नाही.

आपल्या भागात एखाद्याची नांगरट अडली की गावकरी आपापले बैल घेऊन त्याच्या रानात इर्जिक घालत. ज्याच्या दावणीला चार जोड्या तो चार आणी, ज्याची एकच जोडी तो एक आणी, आणि संध्याकाळी जेवणाची पंगत सगळ्यांची एकच बसे. कोणाचे किती बैल होते याची पाटी कोणी चावडीवर लावली असती, तर पुढच्या वर्षी एका जोडीचा शेतकरी आलाच नसता. तुमच्या कारखान्यात नेमके हेच होऊ घातले आहे. साहेबांचा हेतू चांगला असेल, किंबहुना तो चांगलाच आहे असे मी धरून चालते, पण ती यादी उतरली पाहिजे.

तसे त्यांना सांगताना तुम्हाला आधार हवा असेल तर फ्रान्सचे उदाहरण द्या. तेथे मातिस नावाच्या कर्करोगग्रस्त मुलाच्या वडिलांना सहकाऱ्यांनी मिळून 170 दिवसांची रजा दिली होती. मुलगा 2009 च्या अखेरीस गेला. पुढे वडिलांनी पाठपुरावा केला आणि 9 मे 2014 रोजी अशा रजादानाचा कायदा झाला. त्यात देणाऱ्याचे नाव गुप्त राहते आणि दिलेल्या दिवसांचा कोणताही मोबदला घेता येत नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारी नोकरीत 1988 पासून अशी सोय आहे, आणि तेथेही रजेसाठी सहकाऱ्यावर दबाव आणण्यास मनाई आहे. आपल्या कामगार कायद्यांत रजा दुसऱ्याला देण्याची तरतूद नसल्याने तुमच्याकडचे सारे व्यवस्थापनाच्या संमतीवर चालले आहे. म्हणूनच एकूण किती दिवस जमले, ते कोणत्या तारखांना लावायचे आणि न वापरलेले दिवस कोणाला परत जाणार, हे लेखी करून घ्या. यादीऐवजी फलकावर फक्त एकूण बेरीज लावा.

मात्र तुमच्या पत्रातील ज्या वाक्यावर मी सर्वांत जास्त वेळ थांबले, ते वेगळेच आहे. त्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. मग त्यांचा आजारपणाचा दावा कोणी भरला आहे का? ईएसआयमध्ये साध्या आजारपणासाठी वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते, पण दीर्घ आजारांची 34 रोगांची स्वतंत्र यादी आहे आणि तिच्यात कर्करोग येतो. त्यासाठी 80 टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. अट सलग दोन वर्षांच्या नोकरीची आणि मागील चार अंशदान कालावधींत (सहा-सहा महिन्यांच्या टप्प्यांत) 156 दिवसांच्या अंशदानाची, म्हणजे हप्ता भरल्याची, आहे, आणि 9 वर्षे नोकरी झालेल्या बाई तिच्यात बसण्याची दाट शक्यता आहे. ईएसआयच्या डॉक्टरांचा दाखला मात्र लागतो, मिरजेतील रुग्णालयाची फाइल नुसती हातात असून भागत नाही. आणखी एक बाब अशी की, ज्या दिवसाची पगारी रजा लागते त्या दिवसाचा हा लाभ मिळत नाही. तेव्हा सहकाऱ्यांनी दिलेले दिवस आताच सरसकट लावून संपवण्यापेक्षा, लाभ मंजूर होईपर्यंतच्या खंडासाठी आणि पुढे कामावर परतल्यानंतरच्या अशक्तपणाच्या आठवड्यांसाठी राखणे शहाणपणाचे ठरेल. कोणते दिवस कोठे लावायचे हे गणित कारखान्यात तुमच्याइतके नीट दुसऱ्या कोणाला मांडता येणार आहे? हे काम तुम्ही अंगावर घ्या. माझ्या मते त्या बाईंना आज पाच जादा दिवसांपेक्षा याची गरज अधिक आहे.

आता भेटीचे. केमोनंतरचे पहिले काही दिवस मळमळ आणि थकव्याचे असतात, ते टाळून आधी फोन करून जा. तुम्हाला स्वतःला सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जाऊ नका, कारण केमोच्या काळात रुग्णाची प्रतिकारशक्ती फार कमी झालेली असते. तोंड आलेले असेल तर तिखट-आंबट काही चालत नाही, म्हणून काय चालते ते विचारून मगच डबा न्या. रजेचा विषय तुम्ही काढू नका. त्यांनीच काढला, तर मुलीच्या बाळंतपणाचे मोकळेपणाने सांगा. त्याही एक बाई आहेत, त्यांना ते दोन वाक्यांत कळेल. आणि परत निघण्यापूर्वी त्यांचा ईएसआयचा विमा क्रमांक आणि केमो सुरू झाल्याची तारीख वहीत टिपून घ्या.