इटलीचं सार्वमत : घरी बसले ते जिंकले

प्रश्न : २००५ साली इटलीत कृत्रिम गर्भधारणेच्या कायद्यावर सार्वमत झालं. 'हो' म्हणणारे एवढे जास्त असूनही ते हरले कसे?

उत्तर : १२ आणि १३ जूनला मतदान झालं. चार प्रश्न होते. तीन प्रश्नांना सुमारे ८८ टक्के 'हो' मिळाले, चौथ्याला ७७. पण मतदानाला गेले चौघांत एक. निम्म्याहून जास्त मतदार आले नाहीत, तर तिथलं सार्वमत रद्द होतं. इटलीतल्या कॅथलिक बिशप परिषदेचे तेव्हाचे प्रमुख कार्डिनल रुईनी यांनी नेमकं हेच ओळखलं आणि लोकांना मतदानालाच न जाण्याचं आवाहन केलं. हिशेब बघा : समजा, शंभरांतले तीस एरवीही मतदान करत नाहीत. ४५ बाजूने, २५ विरोधात. विरोधक आले तर सरळ हरतात. घरी बसले तर मतदान ४५ टक्क्यांवर अडकतं आणि तेच जिंकतात. नियमात बसणारी चाल, पण मला ती रडीचा डावच वाटते.

प्रश्न : 'हो' म्हणजे कायद्याला होकार का?

उत्तर : उलट! हे सार्वमत कलमं रद्द करण्यासाठी असतं. 'हो' म्हणजे 'काढून टाका'. प्रत्येक प्रश्नाला वेगळी मतपत्रिका.

प्रश्न : माझ्या बहिणीचं आयव्हीएफ चालू आहे, म्हणून विचारते. त्या कायद्यात एवढं जाचक काय होतं?

उत्तर : २००४ चा हा ४० क्रमांकाचा कायदा. एका वेळी जास्तीत जास्त तीनच भ्रूण तयार करायचे आणि सगळे एकदमच गर्भाशयात सोडायचे. गोठवून ठेवायला बंदी. पंचविशीतल्या मुलीला यात तिळ्यांचा धोका, तर चाळिशीतल्या बाईला तीन भ्रूण कदाचित अपुरेच. तुमच्या बहिणीचे डॉक्टर वय आणि भ्रूणांची प्रत बघून ठरवतात; तिथे ते संसदेने ठरवून टाकलं होतं. दात्याचं स्त्रीबीज किंवा शुक्राणू वापरायलाही मनाई. मग जोडपी स्पेन गाठायची, अर्थात ज्यांना परवडेल ती.

प्रश्न : आपल्याकडे असं सार्वमत होईल?

उत्तर : राज्यघटनेत तशी तरतूद नाही. आपला कृत्रिम गर्भधारणेचा (एआरटी) कायदा २०२१ मध्ये संसदेनेच केला. गोव्यात १९६७ मध्ये जनमत कौल झाला, पण तो विलीनीकरणावर आणि त्यासाठी खास कायदा करावा लागला होता.

प्रश्न : तो कायदा आजही तसाच आहे?

उत्तर : नाही. मतपेटीतून झालं नाही ते कोर्टातून झालं, तेही तुकड्यातुकड्याने. घटना न्यायालयाने २००९ मध्ये तीन भ्रूणांची आणि ते एकदमच सोडण्याची अट काढली, त्यामुळे उरलेले गोठवणंही आलं, २०१४ मध्ये दात्यांवरची बंदी. २०१५ मध्ये गंभीर आनुवंशिक आजार असलेल्या जोडप्यांना भ्रूणतपासणीची मुभा मिळाली. भ्रूणांवरच्या संशोधनाला मात्र न्यायालयाने हात लावला नाही; २०१६ मध्ये तो विषय संसदेचा म्हणून सोडून दिला. त्यामुळे आईबापांना नको असलेले भ्रूण संशोधनाला देता येत नाहीत आणि नष्टही करता येत नाहीत. द्रव नायट्रोजनच्या टाक्यांत ते तसेच पडून आहेत.