ऑर्किडला हे काय फुटलंय?

प्रश्न : माझ्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडची पानं सुरकुतून लोंबली आहेत. पाणी वाढवूनही फरक नाही. आता जुन्या फुलदांड्याच्या पेरातून दोन छोटी पानं आली आहेत. झाड सावरतंय का?

ही केकी, म्हणजे दांड्यावर आलेलं पिल्लू. निरोगी झाडालाही ती येते, पण तुमच्या झाडाची पानं लोंबली आहेत, तेव्हा आनंद मानण्याआधी मुळं बघा. पाणी देऊनही पान सुरकुततं तेव्हा बहुधा मुळंच कुजलेली असतात. रोप कुंडीतून काढा आणि एकेक मूळ चिमटीत धरून दाबा. चांगलं मूळ टणक लागतं. भिजलं की हिरवट, सुकलं की चंदेरी दिसतं. कुजलेल्याचं तपकिरी, लिबलिबीत आवरण बोटांत निघून येतं आणि आतला बारीक तंतू तेवढा उरतो. अशी सगळी मुळं स्वच्छ कात्रीने कापा आणि झाड सालीच्या नव्या, भरड तुकड्यांत लावा.

केकी तोडायची घाई मात्र अजिबात करू नका. दांडा हिरवा आहे तोवर तिला आईकडूनच पोषण मिळतं. दोन-तीन पानं आणि 5 ते 7 सेंटीमीटरची मुळं आली की मगच वेगळी करा. आई गेली तरी ही जगू शकते, म्हणून तिला जपा.

प्रश्न : बुडाशी हिरवं टोक दिसतंय. मूळ की फुलदांडा?

गोल आणि चकचकीत असेल तर मूळ. चपटं, अंगठा सुटा असलेल्या हातमोज्यासारखं असेल तर दांडा. कळत नसेल तर आठवडाभर थांबा. झाड अशक्त असेल आणि दांडा निघाला तर तो कापावा, असंच मी सांगेन. जीव कासावीस होतो, कबूल. पण मोजक्या मुळांवर फुलांचा भार झेपत नाही.

प्रश्न : मधला शेंडा कुजला. आता खोडाच्या बाजूने नवं पान येतंय, हे कसं?

फॅलेनॉप्सिसला वाढीचा शेंडा एकच असतो. तो गेला की तिथून पुन्हा पान येत नाही, पण खोडावरचा सुप्त डोळा कधी कधी फुटतो. तुमच्याकडे तेच झालंय. जुनी हिरवी पानं काढू नका, नव्या फुटव्याला तीच पोसतात. त्याला वेगळंही करू नका. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर लगेच टिपून घ्या.

प्रश्न : पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस वाढतोय. बुरशी का?

बुरशी नाही, बहुतेक पिठ्या ढेकूण ही कीड. कुंडी आजच बाकीच्या झाडांपासून दूर ठेवा. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून घ्या आणि दर आठवड्याला पुन्हा तपासा. पानांची खालची बाजूसुद्धा.