रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी धास्ती जात नाही

ताई,
मी २८ वर्षांची, भांडुपला आई-बाबांकडे राहते. मे महिन्यात माझं लग्न आहे. माझं आधी एक नातं होतं, ते दोन वर्षांपूर्वी संपलं. होणाऱ्या नवऱ्याला सगळं माहीत आहे. आम्ही दोघांनी ठरवून एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिसच्या टेस्ट केल्या. दोघांचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. पण रक्त देताना खुर्चीच्या हातावर एक सुकलेला तपकिरी डाग दिसला, माझं कोपर नेमकं तिथेच टेकलं होतं. रक्त घेणाऱ्या मुलाने ग्लोव्ह्ज बदलले की नाही, ते मी पाहिलं नाही. दंडाला बांधायचा पट्टाही सगळ्यांना तोच. तिथेच मला काही लागलं असेल तर? म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये टेस्ट केली, मग तिथली शंका आली, मग तिसरीकडे गेले. रोज डेटॉलने हात धुऊन कोपराची कातडी सोलवटली आहे. आईला वाटतं ॲलर्जी आहे. होणारा नवरा हात धरायला आला की मी हात मागे घेते. काय करू?
— एक वाचक

बाळा,

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या खुर्चीवरून तुला एचआयव्ही झालेला नाही. सुकलेल्या डागातून, खुर्चीतून, दंडाच्या पट्ट्यातून तो होत नाही. शरीराबाहेर हा विषाणू तग धरत नाही, आणि धड कातडीतून तो आत शिरत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू त्याच्यापेक्षा चिवट आहे, सुकलेल्या रक्तात आठवडाभरही टिकू शकतो. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण रात्री मोबाईलवर तू ते शोधशीलच आणि मग माझ्या बाकीच्या बोलण्यावरचा तुझा विश्वास उडेल. पण त्यालाही आत जायला वाट लागते, आणि तुझं कोपर तेव्हा सोलवटलेलं नव्हतं. शिवाय त्याची लस आहे, साधारण सहा महिन्यांत तीन डोस. घेतली नसशील तर डॉक्टरांना विचारून घे. लग्न असो-नसो, ती घ्यावीच.

लॅबमध्ये खरा धोका एकाच गोष्टीत असतो, तो म्हणजे एकाची सुई दुसऱ्याला वापरण्यात. आता सुई सीलबंद येते, तुझ्यासमोर टोपण निघतं, काम झालं की ती पांढऱ्या, टोचता न येणाऱ्या डब्यात जाते. जोखीम किती, याचा अंदाज हवा असेल तर एक आकडा सांगते. एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई चुकून नर्सला टोचली, तरी लागण साधारण ३००त एकीला होते. तुझ्या गोष्टीत तशी सुईच नाही. ग्लोव्ह्ज बदलले नसतील तर ती लॅबची ढिलाई आहे आणि तिथल्या तिथे "दादा, ग्लोव्ह्ज बदला" म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. पण ढिलाई झाली म्हणजे लागण झाली, असं नव्हे.

विंडो पिरियडचा, म्हणजे लागण झाल्यापासून ती टेस्टमध्ये दिसेपर्यंतच्या दिवसांचा, हिशोबही तू मनात करत असणार. लॅबमध्ये शिरेतून रक्त घेऊन होणाऱ्या नव्या पद्धतीच्या टेस्टला एचआयव्हीसाठी ४५ दिवस पुरतात, बोटातून थेंब घेऊन होणाऱ्या रॅपिड टेस्टला ३ महिने धरतात. तुझं नातं संपून दोन वर्षं झाली. म्हणजे तुझा पहिलाच रिपोर्ट शेवटचा होता. आणि खुर्चीत बसल्यापासून दिवस मोजायचं कारणच नाही, कारण तिथे मोजण्यासारखं काही घडलं नाही.

हे सगळं वाचून तुला बरं वाटेल. उद्या दुपारपर्यंत वाटेल, मग नवा प्रश्न येईल: डाग खरंच सुकलेला होता ना? त्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, आणि का ते समजून घे. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. प्रत्येक टेस्टने तुला रिपोर्ट दिला आणि सोबत एक नवी सुई, नवी खुर्ची, नवा अनोळखी हात दिला. भीती घालवायला तू जिथे जातेस तिथूनच ती नव्याने घेऊन येतेस. टेस्ट, हात धुणं, "काही होणार नाही ना?" विचारणं, मोबाईलवर शोधणं, यातल्या प्रत्येकाने घटकाभर सुटल्यासारखं वाटतं आणि भीतीला खाद्य मिळतं. चौथी लॅब कितीही चकचकीत असली तरी हेच होईल.

याला आजाराची चिंता म्हणतात. कातडी जाईपर्यंत धुणं चाललं असेल तर ते ओसीडीही असू शकतं, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार, ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. तू वेडी नाहीस, नाटकी नाहीस. यावर चांगले उपचार आहेत. शंका आली तरी न धुता, न विचारता थांबायची सवय टप्प्याटप्प्याने लावतात. काहींना गोळ्याही देतात आणि त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून लग्नानंतर बघू असं करू नकोस.

तोवर नवी टेस्ट बंद. डेटॉल कपाटात, हात साध्या साबणाने आणि जेवणाआधी, बाथरूमनंतर, इतरांसारखेच. एकदम जमलं नाही तर रोज थोडं कमी कर. कोपर डॉक्टरांना दाखव, कारण सोलवटलेली कातडी ही या सगळ्यात खरोखर झालेली एकमेव इजा आहे.

आणि त्याला सांग. लग्नाआधी टेस्ट करायला जो तुझ्यासोबत उभा राहिला, त्याला हे ऐकवणार नाही असं मला वाटत नाही. आत्ता त्याला फक्त मागे घेतलेला हात दिसतो आहे, आणि त्याचा अर्थ तो भलताच लावत असेल. सांगताना एक विनंतीही कर: मी पुन्हा पुन्हा विचारलं तर धीर देत बसू नकोस, "याचं उत्तर आपल्याला मिळालंय" एवढंच म्हण आणि विषय बदल. त्याला हे निष्ठुर वाटेल, म्हणून आधीच ठरवून ठेवा.

इथे थोडं इतर वाचकांशी बोलते. हे पत्र वाचून कुणी टेस्ट टाळू नका. केईएम, सायन, नायर, जेजे अशा मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत एचआयव्हीची टेस्ट मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. २०१७च्या कायद्याने तुमच्या संमतीशिवाय ही टेस्ट करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. शंका असल्यास १०९७ हा मोफत क्रमांक आहे. बाळा, तुझ्यासाठी मात्र तो नाही, तुझे तिथले प्रश्न संपले आहेत.

तुझा क्रमांक १४४१६. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठी, मोफत, कधीही, मराठीतही बोलता येतं. आजच लाव. मग या आठवड्यात सायनला किंवा केईएमला सकाळी लवकर जा, त्याला सोबत ने. केसपेपर काढताना कुठला विभाग विचारतील, "मानसोपचार" सांग. डॉक्टरांसमोर शब्द सुचले नाहीत तर मला लिहिलेलं हेच पत्र वाचून दाखव. त्यात सगळं आहे.

— तुझी ताई