वाचकांचे प्रश्न : पंधरा वर्षांच्या ख्रिस्तोफरबद्दल

मार्क हॅडन यांची ‘द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ ही कादंबरी २००३ साली ब्रिटनमध्ये आली आणि त्या वर्षीचा व्हिटब्रेड पुरस्कार तिला मिळाला. स्विंडनमध्ये वडिलांबरोबर राहणारा ख्रिस्तोफर बून शेजारणीचा कुत्रा मेलेला पाहतो, खुनी शोधायला निघतो आणि तपासाची हकिगत स्वतःच लिहितो. गेल्या अंकात आम्ही तिचा परिचय दिला. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरे देत आहोत. कुत्रा कोणी मारला, हे मात्र उत्तरांत कुठेही फोडलेले नाही.

माझ्या प्रतीत पहिले प्रकरणच नाही. सुरुवात २ पासून होते, मग ३, ५, ७. पाने गळाली आहेत का?

तुमची प्रत पूर्ण आहे. ख्रिस्तोफरला मूळ संख्या आवडतात, म्हणून प्रकरणांना त्याच दिल्या आहेत. एकूण प्रकरणे ५१, शेवटचे २३३. पुढे परिशिष्ट आहे, तेही वाचा. ज्याच्या बाजू n²+१, n²−१ आणि २n आहेत तो त्रिकोण काटकोन असतो, हे त्यात सिद्ध केले आहे. n च्या जागी २ घातलात तर आपला ओळखीचा ३-४-५ त्रिकोण मिळतो.

निवेदन फार कोरडे वाटले. आई, वडील, घर याबद्दल इतके घडते आणि मुलगा नुसती नोंद करत जातो. तरी मैत्रीण म्हणते, ती रडली. माझे काय चुकते आहे?

तुमचे काही चुकत नाही, बहुधा वेग जास्त आहे. वाक्ये सोपी असल्याने हे पुस्तक दोन बैठकांत संपते आणि मधले सगळे निसटते. ख्रिस्तोफर दिसले ते आणि ऐकू आले ते लिहितो. ‘तो म्हणाला’, ‘मग मी म्हणालो’, ‘आणि मग’ यांवर त्याचे काम भागते. समोरच्याच्या मनात काय चालले आहे, ते ताडण्याचे काम वाचकावर येते.

एक प्रसंग पाहा. रात्री तो सरबत घ्यायला खाली येतो. वडील सोफ्यावर बसून टीव्हीवर स्नूकर बघत आहेत, हातात व्हिस्की आहे आणि डोळ्यांतून पाणी येते आहे. तो विचारतो, कुत्र्यामुळे वाईट वाटते आहे का? वडील बराच वेळ त्याच्याकडे बघतात आणि हो म्हणतात, पण ते ‘हो’ अडखळत येते. ख्रिस्तोफर त्यांना तिथेच सोडून जातो, कारण त्याला स्वतःला वाईट वाटते तेव्हा एकटे राहायला आवडते. पहिल्या वाचनात हा मुलगा रुक्ष वाटतो. पुस्तक संपवून याच पानावर परत या. वडिलांचे ‘हो’ वेगळे ऐकू येईल आणि त्यांना एकटे सोडणे ही त्याच्या परीने केलेली काळजी होती, हेही दिसेल. अशा जागा पुस्तकात बऱ्याच आहेत. मिठी चालत नाही म्हणून बापलेक बोटे पंख्यासारखी पसरून एकमेकांच्या बोटांना टेकवतात. वडील हात पुढे करतात आणि मुलगा तो घेतो की नाही, एवढ्यावर लक्ष ठेवलेत तरी कादंबरीचा अर्धा ताण कळतो.

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, फारसा बोलत नाही. हे पुस्तक वाचून तो कळेल का?

भाचा कळायला भाच्याजवळच बसावे लागेल. ही एका कल्पित मुलाची गोष्ट आहे. तिच्या मजकुरात ऑटिझम किंवा अ‍ॅस्पर्जर (त्याच्याशी जोडलेले, तेव्हा वेगळे मानलेले निदान) हा शब्द येत नाही, तो वेष्टनावरच्या मजकुरातून लोकांच्या डोक्यात बसला. आपण या विषयाचा फारसा अभ्यास केला नव्हता, असे हॅडन यांनी स्वतः सांगितले आहे. अ‍ॅस्पर्जर हे वेगळे निदानही अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या नियमावलीत उरलेले नाही, ते ऑटिझमच्या वर्णपटात सामावले गेले. पिवळ्या आणि तपकिरी रंगाचा तिटकारा, लाल गाड्या मोजून दिवस चांगला ठरवणे, गणितातली झेप, हे सगळे ख्रिस्तोफरचे. भाच्यात ते शोधू नका.

तरी दोन-तीन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पोलीस भराभर प्रश्न विचारतो तेव्हा ते ख्रिस्तोफरच्या डोक्यात साचत जातात आणि तो जमिनीवर आडवा होऊन कण्हू लागतो. म्हणून एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट बघा. मध्येच तोच प्रश्न शब्द बदलून विचारू नका, मुलासाठी तो नवा प्रश्न होतो. स्टेशनवर पाट्या, आवाज आणि माणसे एकदम अंगावर येतात तो भाग वाचलात, तर लग्नाच्या हॉलमध्ये मुलगा कान का झाकतो याची कल्पना येईल. तिथे त्याला ‘सगळ्यांना नमस्कार कर’ म्हणण्याआधी शांत खोली कुठे आहे ते पाहून ठेवा. आणि लाड म्हणून ओढून जवळ घेऊ नका.

मी बावीस वर्षांची ऑटिस्टिक मुलगी आहे. हे पुस्तक वाचलेले लोक मला विचारतात, तुला गणित येते का, तुला इतरांच्या भावना कळतात का. मला पुस्तकाचाच राग येतो.

राग रास्त आहे. इतर अनेक ऑटिस्टिक वाचकांनीही हीच तक्रार केली आहे: एका मुलाला सगळ्यांचा नमुना बनवले गेले, आणि तेही बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या. कादंबरीत गोळ्यांच्या डब्याची चाचणी येते. डब्यात गोळ्यांऐवजी पेन्सिल निघते, मग आत न पाहिलेल्या आईला आता विचारले तर ती डब्यात काय आहे म्हणेल? लहानपणी ख्रिस्तोफरने ‘पेन्सिल’ असे उत्तर दिले होते. अशा चाचण्यांवरून ‘यांना दुसऱ्याचे मन कळत नाही’ हा समज १९८० च्या दशकात पक्का झाला. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकाने त्याला उत्तर दिले: न कळणे दोन्ही बाजूंनी असते, बिगर-ऑटिस्टिक माणसांनाही ऑटिस्टिक माणूस वाचता येत नाही. पुढच्या वेळी कोणी विचारले तर हे सांगा. टेम्पल ग्रँडिन या ऑटिस्टिक लेखिकेचे १९८६ चे आत्मकथन वाचायला सांगा. ‘मी’ म्हणून लिहिणारी व्यक्ती तिथे खरी आहे. ग्रँडिन यांचा अनुभवही सगळ्यांचा नव्हे, हेही विचारणाऱ्यांना ऐकवा.

आमच्या वाचनकट्ट्यावर दीड तास चर्चा घ्यायची आहे. कशी घ्यावी?

‘हा ऑटिस्टिक आहे का?’ या प्रश्नाने सुरुवात केलीत तर दीड तास त्यातच जाईल आणि सगळे आपापल्या ओळखीच्या मुलांचे निदान करू लागतील. पहिल्या पाच मिनिटांतच सांगा की प्रत्यक्षातल्या कुणाचे नाव घ्यायचे नाही. मग वर सांगितलेला वडिलांचा प्रसंग मोठ्याने वाचा, साधारण एक पान. प्रत्येकाने कागदावर दोन रकाने करावेत: ख्रिस्तोफरने काय लिहिले आणि मला काय कळले. पंधरा मिनिटे द्या. दुसऱ्या रकान्यांत फरक पडतो आणि चर्चा आपोआप उभी राहते. मग आईची पत्रे घ्या. त्यांत दुसराच आवाज येतो, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, भावनांनी भरलेला. ज्यांना आई आवडत नाही त्यांना आधी बोलू द्या, नाहीतर शेवटी घाईत निकाल लागतो. कट्ट्यात कोणी ऑटिस्टिक असेल तर त्यांना ‘तुमच्याकडे असेच असते का?’ असे विचारू नका. त्यांना बोलायचे असेल तर ते बोलतील.

मुलगी तेरा वर्षांची आहे. शिव्या आहेत असे ऐकले. देऊ का?

शिव्या आहेत, सडकून आहेत, आणि बहुतेक मोठ्यांच्या तोंडी. २०१५ मध्ये फ्लोरिडातल्या एका शाळेने याच कारणाने ते सुट्टीतल्या सक्तीच्या वाचनातून काढले होते. ब्रिटनमध्ये मात्र मुलांची आणि मोठ्यांची आवृत्ती एकदमच निघाली. आमच्या मते तेराव्या वर्षी शिव्यांपेक्षा आईवडिलांनी सांगितलेले खोटे जास्त लागते. आधी तुम्ही वाचा, आणि ती आईच्या पत्रांपर्यंत पोहोचेल त्या दिवशी घरी राहा.